तेरा वर्षांची गाय

"नुसती खाते," बाबा व्यापाऱ्याला सांगत होता. "माजावर यायचा नेम नाही. कधी लगेच, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही."

"मग पोसता कशाला? द्या की पाठवून."

गोठ्याच्या दाराशी मुलगी दुधाच्या किटल्या घासत होती. तिचा हात थांबला. कबरी गाय टेम्पोत चढताना मागं वळून बघत होती. मुलीनं मान वर केली नाही.

हिवाळ्यात मुलीची पाळी सुरू झाली होती. ती रांगत होती तेव्हाच आई गेलेली. घरात उरला बाबा, आणि तो बोलायचा गाईंशी. मग डोळ्यांसमोर जे होतं त्यावरूनच तिनं अडाखा बांधला. धडधाकट गाय तीन आठवड्यांनी माजावर येते, दिवसाभरात मोकळी होते. आपलं पाच-पाच दिवस चालतं. मध्ये दोन महिने काहीच नाही, नंतर लवकरच पुन्हा. म्हणजे खोट आपल्यातच. गवताच्या गंजीमागं जुन्या चादरीचे तुकडे लपवून वाळत घालताना वाटायचं, बाबाला कळलं की आपलीही रवानगी होणार.

त्या दिवशी डेअरीवर दूध घालायला गेल्यावर तिनं दूध मापणाऱ्या काकूला विचारलंच.

"काकू, एक गाय आहे. तिचा नेम नाही. आणि पाच दिवस लाल जातं. तिला विकावंच लागतं का?"

"पाच दिवस? डॉक्टरला दाखवायला सांग बापाला. केवढी आहे?"

"तेरा वर्षांची."

"तेरा?" रांगेत मागं उभा असलेला गडी हसला. "तिला पेन्शन सुरू करा!"

काकूचं माप हवेतच राहिलं. तिनं मुलीकडे नीट पाहिलं.

"तू दुधात पाणी कमी घाल, मग पेन्शनचं बोल," गड्याला तिनं वाटेला लावलं. दार लोटून घेतलं.

"वेडे, बाईचं गणित गाईसारखं नसतं. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागंपुढं होतेच. पाच दिवस, अगदी सात दिवससुद्धा चालतं. थोडं दुखतं, बारीक गाठी पडतात, रंग काळपट दिसतो. ह्यात खोट कसली?"

"मग खोट कधी?"

"तासातासाला कापड भिजलं, तीन महिने आलीच नाही, दुखून उभंच राहवेना, चक्कर आली, तर मला सांग. दवाखान्यात जाऊ. आणि कापड साबणानं धुऊन उन्हात घाल. गंजीमागं नको."

"तुम्हाला कसं कळलं गंजीमागं?"

"मीपण तिथंच घालायची," काकू म्हणाली.

संध्याकाळी बाबा धार काढत होता. शेजारी कबरीचा खुंटा रिकामा होता.

"बाबा, पाळीसाठी पॅड आणायचेत. पैसे हवेत."

धार थांबली. बाबानं कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं.

"सदऱ्याच्या खिशात आहेत," तो गाईकडेच बघत म्हणाला. मग, "तुझ्या आईचंही मागंपुढं व्हायचं. पोट शेकायची ती."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

ती रिकाम्या खुंट्यापाशी बसली. दावं अजून तसंच पडलं होतं.

"कबरीला डॉक्टर दाखवला होता?"

बाबानं रिकाम्या खुंट्याकडे एकदा पाहिलं. बादलीत पुन्हा धार वाजू लागली.