थरथर थांबल्यावर

शुद्ध आली तेव्हा अंबूबाईला आधी दात वाजल्याचा आवाज ऐकू आला. ते आपलेच दात आहेत हे तिला जरा वेळानं कळलं.

दुपारचे दोन वाजले होते. कुरुंदवाडहून आणून कोल्हापुरातल्या दवाखान्यात सकाळीच तिच्या उजव्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. तीस वर्षांच्या मिश्रीनं आणि दहा वर्षांच्या साखरेनं मांडीतली रक्तवाहिनी बुजली होती, करंगळी काळी पडली होती. डॉक्टरांनी तिच्याच पायातली एक शीर काढून बुजलेल्या जागेला वळसा घालून जोडली होती.

आता तो पाय दुमडायचा नव्हता. डाव्या हाताला सलाईन, उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा. तो दर थोड्या वेळानं आपोआप आवळायचा. लघवीला नळी. आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक फुगलेलं कागदी पांघरूण, कडा दोन्हीकडून गादीखाली खोचलेल्या. खाटेजवळच्या यंत्रातून जाड नळीनं त्यात गरम हवा भरत होती आणि घोंघों आवाज सारखा चालू होता.

तेजस्वी नावाची गडहिंग्लजची सिस्टर तिच्याजवळ होती. तिनं समजावून सांगितलं, की ऑपरेशनच्या खोलीत अंग गार पडतं. गार अंगात शिरा आकसतात, नव्या शिरेतलं रक्त अडू शकतं आणि थरथरीचा ताण हृदयावर येतो. म्हणून अंग तापेपर्यंत हे काढायचं नाही.

अंबूबाईनं ते ऐकलं, पण तिला श्वास पुरेना. आयुष्यभर पहाटे उठून म्हशींच्या धारा काढणारी, कुणाच्या हाताखाली न राहिलेली बाई. तिनं सुनेला बोलवायला सांगितलं. भेटायची वेळ पाचची होती. कूस बदलू द्या म्हणाली. तेही चालणार नव्हतं.

"पेटीत घातल्यावानी झालंय," ती म्हणाली. "मला सोडा की."

सिस्टर शेजारच्या खाटेकडे वळली आणि अंबूबाईनं सलाईनच्या हातानंच पांघरूण ओढून बाजूला टाकलं. दहा मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. तेवढ्यात थरथर इतकी वाढली की खाट वाजायला लागली. तेजस्वी धावत आली. तिनं पावलावर छोटं यंत्र टेकवून रक्ताचा आवाज ऐकला. मघाशी तो धपधप येत होता, आता कान देऊन ऐकावा लागत होता. तिनं डॉक्टरांना बोलावलं, पांघरूण पुन्हा घातलं, पायाभोवती कापूस गुंडाळला आणि या खेपेला तिथून हलली नाही. अंबूबाईनं डोळे मिटून घेतले. सुटका नव्हती.

पाऊण तासानं थरथर हळूहळू कमी झाली आणि मग एकदम थांबली. अंबूबाईनं डोळे उघडले. तिचा चेहरा बघून तेजस्वी दचकली.

"माझी थरथर थांबली," अंबूबाई म्हणाली. "पोरी, माझ्या ल्योकाला, सयाजीला बोलीव. म्या मरतोय आता."

तेजस्वीनं तिचा हात धरला आणि असं का वाटतंय म्हणून विचारलं. तेव्हा अंबूबाईनं सांगितलं. एकोणीस सालच्या पुरात म्हशी सोडून जायचं नाही म्हणून ती आणि नवरा पिराजी मागं राहिले. पाणी चढलं तसे दोघं गोठ्याच्या माळ्यावर गेले. डोक्याला पत्रा लागत होता, बसायलाही धड जागा नव्हती. दोघंही भिजलेले.

"मालक दीड दिस थरथरत हुतं. मग थांबलं. मला वाटलं, बरं वाटलं त्यास्नी. म्या म्हटलं, निजा आता."

होडी आली तेव्हा पिराजी गेलेला होता. झोपेत सुखानं गेला, असंच तिनं सगळ्यांना सांगितलं होतं.

तेजस्वीनं तिला तापमानाचा आकडा दाखवला. ऑपरेशननंतर पस्तीसच्या खाली होतं, आता साडेछत्तीस. "मावशी, तुमची थरथर ऊब मिळाली म्हणून थांबली. त्यांची..." ती अडली.

"त्यांची गारठून थांबली," अंबूबाईनंच वाक्य पुरं केलं. "अन् म्या निजा म्हटलं."

"तिथं एक सुकं फडकं तरी होतं का, मावशी?"

"लुगडं गुंडाळलं हुतं. तेबी वलंच."

भिंतीकडं तोंड करून रडावं म्हटलं तर वळता येत नव्हतं. पाणी डोळ्यांतून कानांत गेलं. सिस्टरनं ते गुपचूप पुसलं. छोट्या यंत्रातला पायातल्या रक्ताचा आवाज आता दूरवरूनही ऐकू येत होता.

पाच वाजता सून अनुजा आणि मुलगा सयाजी आत आले. अंबूबाईनं सयाजीला जवळ बोलावून सगळं सांगितलं, त्याच्या बापाला झोपायला सांगितलं तेही. पुरात तो पुण्यात कामावर होता, रस्ते बंद म्हणून येऊ शकला नव्हता. मग सिस्टरला विचारून त्यानं कापूस जरा सरकवला आणि तिच्या पावलावर तळहात ठेवला.

"गरम हाय, आई," तो म्हणाला.

करंगळी पुढं काढावी लागली. पाय वाचला. बाराव्या दिवशी अंबूबाई काठी टेकत गाडीत बसली.