कुमाचा शब्द

मिलादिननं वकिलाला फोन करू दिला नाही. त्याची बायको स्ताना पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत तेच सांगत आली होती, "माझा चुलतभाऊ वकील आहे, अर्ध्या तासात येईल."

"आत कुम बसलाय, आणि मी वकील घेऊन जाऊ? तोंडावर थुंकल्यासारखं होईल ते. तू इथंच थांब."

इन्स्पेक्टर स्वेतोमिर त्यांचा कुम, म्हणजे लेकीचा धर्मपिता; तो आणि मिलादिन एकमेकांना कुमच म्हणत. यास्नाच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर त्यानंच घेतलं होतं, नावही रिवाजाप्रमाणे त्यानंच ठेवलं होतं. बापाला लेकीचं नाव चारचौघांबरोबरच कळलं. देवाच्या खालोखाल कुम मानणारं गाव ते.

यास्ना सतरा वर्षांची, आता ठाण्यात होती. काल दुपारी पुलाजवळ एक सायकलवाली म्हातारी गाडीखाली सापडून मेली. गाडी स्वेतोमिरच्या मुलाची, ओग्न्येनची. मिलादिनच्या फाटकातून यास्ना आणि तो निघाले तेव्हा स्टिअरिंगवर ओग्न्येनच होता. मिलादिननं स्वतः हात हलवून निरोप दिला होता.

स्वेतोमिरनं आपल्या खोलीचं दार लावलं आणि मिलादिनपुढं कागद सरकवला. यास्नानं न विचारता किल्ली घेतली, गाडीत ती एकटीच होती, असं त्यात लिहिलं होतं.

"ठाण्याच्या यादीतला बचावाचा वकील येईल, आपण म्हणू तिथं सही करेल," तो म्हणाला. "ती लहान आहे कुमा, समज देऊन सोडतील. आज रात्री घरी जेवेल. माझा बावीसचा आहे, आठ वर्षं आत जाईल."

"ती चालवत नव्हती."

"मी आजवर तुझ्याकडं काही मागितलं?"

यास्नाला आणलं. कागद वाचून ती म्हणाली, "बाबा, मला तर गाडी चालवताच येत नाही. तुम्हीच शिकवायचं टाळत आलात."

"कर सही. कुमानं शब्द दिलाय."

"आणि नाही केली तर?"

"तर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

तिनं सही केली. बापाकडं बघितलं नाही.

तासाभरानं स्वेतोमिर बाहेर आला. "तीस दिवस कोठडी. वरून हुकूम आहे."

"तू म्हणालास, घरी जेवेल."

"म्हणालो. हुकूम माझा नाही, न्यायाधीशाचा आहे. पोरीला एक जाड स्वेटर आणून दे, आत ओल असते." आणि तो आत गेला.

पायरीवर बसलेली स्ताना उठली. "काय सांगितलं तिनं?"

"मी सांगायला लावलं ते," मिलादिन म्हणाला.