चौदा वेळा

त्या दिवशी खारू शाळेतून आली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी पँटमध्ये. तिची स्वतःची पँट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून दप्तरात कोंबलेली, आणि वहीत बाईंची चिठ्ठी: ‘पाण्याची बाटली सांडली. काळजी नसावी.’

मी पिशवीची गाठ सोडली. दोन मुलांचं धुणं धुणाऱ्या बाईला पाणी कुठलं आणि शू कुठली, हे डोळे मिटूनही कळतं.

खारू माझी थोरली, सात वर्षांची. पेन्सिलींचे तुकडे, पेनांची झाकणं, मोडकी खोडरबरं गोळा करून उशीखाली लपवते म्हणून घरात खारूताई, आणि मग शाळेतही खारूच. तिला सगळं कळतं. बोलता मात्र येत नाही. जीभ आणि ओठ तिचं ऐकत नाहीत. तिच्या वतीने टॅबलेट बोलतो. पडद्यावर चित्रांची बटणं असतात: पाणी, दुखतंय, शू, परत, नको, बाई, आई. बोट ठेवलं की आवाज येतो. तयार आवाज मिळत होता, पण तो स्टेशनवरच्या घोषणेसारखा. माझ्या लेकीने तसल्या आवाजात ‘आई, जवळ घे’ म्हटलेलं मला सोसलं नसतं. म्हणून नणंदेच्या मुलीला बसवलं. ती नऊ वर्षांची, तोंडाची टकळी चालूच. चार दुपारी तिने दोनशे शब्द म्हटले आणि वर विचारलं, “मामी, आता खारू चुगल्या पण माझ्याच आवाजात करणार का गं?”

बाईंना हा टॅबलेट पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. “तुमचा पोपट फार बोलतो हं, खारूची आई,” असं त्या फाटकाशी हसत म्हणायच्या, आणि मीही हसायचे. अडतीस मुलांचा वर्ग, बिचाऱ्या दमत असतील, म्हणून हसायचे. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

पँट भिजत घातली. धाकटा झोपला होता. तो झोपला की मला पाऊण तास मिळतो. खारू शेजारी बसून बिस्किटाच्या कडा कुरतडत होती.

“खारू, आज काय झालं गं?”

तिने बोट ठेवलं. “बाई.” मग “कपाट.”

हे दोन शब्द ती बरेच दिवस म्हणत होती. मला वाटायचं, कपडे बदलायचेत, कपाट उघड म्हणतेय. मी उठून फ्रॉक काढून द्यायचे आणि ती तो भिरकावून द्यायची. हट्टी झालीये, असं मी नवऱ्याला सांगितलंही होतं.

त्या दुपारी मी फ्रॉक काढला नाही. टॅबलेट हातात घेतला आणि नोंदीचं पान उघडलं. कुठलं बटण किती वाजता दाबलं, ते टॅबलेट आपणहून टिपून ठेवतो. तिला बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी हे पान मला सुरुवातीलाच दाखवलं होतं. पण कोण बघतंय? धाकट्याला दात येत होते.

दहा वाजून दोन मिनिटं: शू. दहा दोन: शू. दहा तीन: शू. तीनला तीनदा. दहा पाच: बाई, शू. खाली खाली जात शेवटची नोंद दहा नऊला. मी बोट ठेवून मोजल्या. चौदा. त्यानंतर काहीच नाही. थेट तीन चाळीसला, म्हणजे दप्तरं भरायच्या वेळी, एक शब्द: आई.

आदल्या दिवसाचं पान काढलं. दहा वाजून वीस ते तीन चाळीस, कोरं. त्याच्या आदल्या दिवशीही कोरं. मागे मागे जात राहिले, रोज तसंच. चार महिने माझी मुलगी रोज सव्वापाच-साडेपाच तास मुकी होती, आणि तिचा आवाज वर्गातल्या कपाटात, खडूंच्या खोक्याशेजारी, कुलपात पडलेला होता. बॅटरी रोज भरलेलीच परत कशी येते, याचं मला कौतुक वाटायचं!

मी रडले नाही. मला राग आला, आणि तो भडकला नाही, दह्यासारखा घट्ट लागला.

नवरा म्हणाला, “मुख्याध्यापिकांना भेट. सरळ सांग.”

“त्या बाईंना विचारणार, बाई म्हणणार बाटली सांडली. मग?”

“मग काय करणार तू?”

“बघते.”

बघायची वेळ आपणहून चालत आली. आठवड्याने बाईंनी मला फाटकाशी गाठलं. आवाजात साखर. “अहो, खारूची आई, आपल्या वर्गाला बक्षीस लागलंय! वेगवेगळ्या मुलांना तंत्रज्ञानाच्या मदतीने एकत्र शिकवल्याबद्दल. शुक्रवारी पाहुणे येणारेत. एक बटण तेवढं करून द्या ना. शाळेचं चित्र, आणि दाबलं की ‘मला माझी शाळा खूप आवडते.’ खारू दाबेल, सगळे टाळ्या वाजवतील.”

“देते की,” मी म्हणाले. “शुक्रवारीच घेऊन येते.”

त्या दुपारी नणंदेच्या मुलीला बोलावलं. नोंदीचं पान वहीत उतरवून तिच्यापुढे ठेवलं. ती आधी फिदीफिदी हसली. पाचव्या ‘शू’ला हसू थांबलं. आठव्याला तिने वही खाली ठेवली.

“मामी, हे खरं आहे?”

“खरं आहे.”

“मग मी हसून नाही म्हणणार,” ती म्हणाली, आणि पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

नवऱ्याने ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अगं, पोरीची शोभा होईल चारचौघांत. तू तुझा राग तिच्या तोंडी घालतेयस.”

हे मात्र मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. तिच्या तोंडी आजवर जे जे होतं ते मीच घातलेलं. म्हणून दुसऱ्या दिवशी, धाकटा झोपल्यावर, खारूला मांडीवर घेतलं, नवं बटण दाखवलं आणि दाबलं. ती मान तिरकी करून सगळं ऐकत राहिली, चौदाच्या चौदा. शेवटचं ‘आई’ आल्यावर तिने वर माझ्याकडे पाहिलं आणि बोट ठेवलं. “परत.”

तीनदा ऐकलं. मग म्हणाली, “बाई.”

“बाईंना ऐकवायचं?”

“हो.”

“सगळ्यांसमोर? लोक हसतील कदाचित.”

ती थांबली. विचार करताना ती खालचा ओठ आत ओढते. “हो,” आणि लगेच, “परत.”

शुक्रवारी सभागृहात पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या. भिंतीवर खारूचा मोठा फोटो, हातात टॅबलेट. फोटोपुरता तो कपाटातून निघाला असणार. धाकट्याला कडेवर घेऊन मी कडेच्या खुर्चीपाशी उभी राहिले. बाईंनी टॅबलेट माझ्या हातून घेतला, उलटसुलट केला आणि कानाशी येऊन पुटपुटल्या, “चालू कुठून करायचा हो?”

मी चालू करून दिला.

बाई छान बोलल्या. प्रत्येक मूल वेगळं असतं म्हणाल्या, प्रत्येकाला आपला आवाज मिळाला पाहिजे म्हणाल्या. माईकही टॅबलेटजवळ त्यांनीच धरला. “चल खारू, दाब.”

खारूने एवढी माणसं पाहिली आणि टॅबलेट छातीशी धरला. नको दाबूस, मी मनात म्हणाले, राहू दे, बाळा.

“लाजतेय हं आमची खारू,” बाई पाहुण्यांकडे बघून हसल्या. तिचं मनगट पकडलं, बोट सरळ केलं आणि शाळेच्या चित्रावर दाबलं.

“दहा वाजून दोन मिनिटं. शू.”

मागून कुणीतरी खुसकन हसलं.

“दहा दोन. शू. दहा तीन. शू.”

मुलं खिदळली. बाईंनी घाईने पडद्यावर बोटं मारली, पण बंद कुठून करायचा हे ठाऊक असायला आधी तो वापरावा लागतो. माईक त्यांच्याच हातात होता. “दहा पाच. बाई, शू.” आता हसणं विरलं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. नजर काढली नाही, पापणीही हलवली नाही. चार महिन्यांचं मला पाहून घ्यायचं होतं. “दहा नऊ. शू. मग बाईंनी टॅबलेट कपाटात ठेवला. तीन चाळीस. आई.”

मुख्याध्यापिका उठून सरळ माझ्यापाशी आल्या. मी चार महिन्यांच्या नोंदींचे कागद पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि म्हणाल्या, “कपाटाची किल्ली आजपासून माझ्याकडे. टॅबलेट खारूच्या बाकावर. बाकीचं आपण माझ्या खोलीत बोलू.” हे शेवटचं वाक्य त्या बाईंकडे पाहून म्हणाल्या.

बाई माझ्याजवळ आल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “माझा असा तमाशा करून काय मिळालं तुम्हाला? अडतीस पोरं आहेत हो माझ्याकडे! बरं वाटलं?”

“हो,” मी म्हणाले. “फार बरं वाटलं.”

त्या पुढे बोलणार, तोच आमच्या दोघींच्या मध्ये, कमरेच्या उंचीवरून आवाज आला.

“शू.”

सगळं सभागृह खारूकडे वळलं. यावेळी बोट तिचंच होतं, आणि पाय एकमेकांवर घट्ट. मी धाकट्याला सावरेपर्यंत बाईंनी हातातला माईक खुर्चीवर टाकला, खारूचा हात धरला आणि दोघी पळत सुटल्या. बाईंची चप्पल दारात निसटली, ती घ्यायलाही त्या थांबल्या नाहीत.

घरी येऊन मी नोंद उघडली. अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं: शू. एकदाच. त्याखाली अकरा एकावन्न: परत. बाईंबरोबर पळणं परत, की बाईंना ऐकवणं परत, ते तिलाच ठाऊक.

आता नवीन बाई आहेत. टॅबलेट बाकावर असतो आणि बॅटरी दुपारीच संपते. नवरा म्हणतो, झालं ना, आता ते शाळेचं बटण पुसून टाक. मी पुसलेलं नाही. दुसऱ्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलंय. खारूला ते कुठे आहे ते माहीत आहे.