निम्म्या पांढऱ्या, निम्म्या तांबड्या

"घट्ट धर. पाय मोकळे सोडू नकोस," आक्का म्हणाली.

थोरल्या भावाच्या बायकोने कोंबडी जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर दाबून धरली होती आणि स्वतःचं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. कोंबडी पांढरी होती. म्हणजे सकाळपर्यंत होती. आता तिची मागची बाजू लाल झाली होती आणि जिथून अंडं बाहेर यायचं तिथून बोटभर आतडं बाहेर आलं होतं.

आक्काने बोट साबणाने धुतलं, तेलात बुडवलं आणि ते आतडं हळूहळू आत सारलं. तिची सगळी नोकरी दवाखान्याच्या अपघात विभागात जखमा धुण्यात आणि टाके घालण्यात गेली होती. माणसं ओरडतात, शिव्या देतात, आईला हाका मारतात. कोंबडी यातलं काहीच करत नव्हती. डोळ्यावरची पातळ कातडी तेवढी पुढे-मागे करत होती.

"जगेल?" भावजयीने भिंतीकडे बघत विचारलं.

"आज जगेल."

"आणि उद्या?"

"उद्या परत त्याच खुराड्यात जायचंय तिला."

आक्काने जखमेवर जांभळं औषध फासलं. लाल दिसलं की बाकीच्यांना राहवत नाही, हे तिला आता ठाऊक झालं होतं. खुराड्यात तांबड्या कोंबड्या जाळीला लागून उभ्या होत्या आणि चोची मातीला पुसत होत्या. पेशंटला घरी कधी सोडणार, याची नातेवाइकांनी वाट बघावी तशा.

कोंबड्यांची हौस मुळात आक्काची. घरही आक्काचं, तिच्या पगारातून उभं राहिलेलं. दोघे भाऊ त्यात राहत होते. थोरला विमा कचेरीत कारकून. धाकटा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्याची बायको चार दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली होती, ते चार दिवस बऱ्याच वर्षांत संपले नव्हते. आई गेली तेव्हा दोघे शाळेतही जात नव्हते. आक्काने त्यांना वाढवलं आणि त्या गडबडीत लग्न करायचं तिच्या ध्यानातून गेलं. आता निवृत्ती जवळ आली होती. मागच्या अंगणात चार कोंबड्या असाव्यात, असं ती एकदा जेवताना बोलून गेली, आणि त्या क्षणापासून कोंबड्या तिच्या राहिल्या नाहीत.

"पांढऱ्या लेगहॉर्न," थोरल्याने फोनवर व्हिडिओ बघून दुसऱ्याच दिवशी निकाल दिला. "खातात चिमणीएवढं, आणि अंडं जवळजवळ रोज. विषय संपला."

"त्या म्हणजे नुसत्या पिसांच्या पिशव्या," धाकटा म्हणाला. "टाळी वाजवली तर झाडावर जाऊन बसतात. तांबड्या घ्या. अंगाने भरलेल्या, ऊन-थंडी सोसणाऱ्या. अंडी थांबली तरी पातेल्यात दिसतात तरी."

"तुझी नजर कायम पातेल्यातच."

"तुझी दुसऱ्याच्या ताटात असते, त्यापेक्षा बरी."

वाद कोंबड्यांच्या जातीवर होता. फुटली ती काचेची बरणी. तिचा तुकडा थोरल्याच्या कानाला चाटून गेला. आक्काने कानाला पट्टी लावली, काचा गोळा केल्या आणि म्हणाली, "मला गावठी हव्या होत्या रे. कबऱ्या. खुडूक बसल्या की पिल्लं काढतात. पिल्लं मागे घेऊन अंगणभर हिंडतात, ते बघायला मला आवडतं."

यावर दोघे एकदमच हसले. अंडी उबवायला बसलेली खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते, हे दोघांनाही नव्यानेच समजलं होतं.

"म्हणजे महिनाभर काम नाही, नुसतं बसून खायचं!" थोरला म्हणाला. "तसा एक आहे की घरात."

धाकटा उठला. आक्काने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि आयुष्यभर जो तोडगा काढत आली तोच काढला. "निम्म्या पांढऱ्या, निम्म्या तांबड्या. गप जेवा."

निम्मं-निम्मं हे आक्काचं एकमेव शास्त्र होतं. दोघे लहान असताना ती उकडलेलं अंडं दोऱ्याने मधोमध कापायची. सुरीने कापलं तर पिवळं कुणाकडे जास्त गेलं यावरून रक्त निघायचं. खोली निम्मी, कपाट निम्मं. मोठेपणी स्वयंपाकघरातले कप्पेसुद्धा. कोंबड्या विकणाऱ्याने सांगून पाहिलं होतं. "ताई, जात एकच घ्या. मोठ्या अंगाच्या लहानांना टोचून काढतात. अगदी दोन्ही न्यायच्याच असतील तर खुराड्यात मधे जाळी घाला."

"जाळी नको," आक्का म्हणाली होती. "होईल सवय."

अंगणात आज जाळी घातली की उद्या घरात भिंत पडते, हे तिचं गणित. ती भिंत पडू नये म्हणून ती एवढी वर्षं झिजली होती. दुसरं असं काही तिने या घरात स्वतःसाठी मागितलं नव्हतं. त्यामुळे पांढऱ्या आणि तांबड्या एकाच छपराखाली आल्या आणि आठवड्याच्या आत त्यांना एकमेकींची सवय झाली. म्हणजे तांबड्यांना टोचायची झाली आणि पांढऱ्यांना टोचून घ्यायची.

जांभळं औषध लावलेली कोंबडी संध्याकाळी खुराड्यात परत गेली. उजाडल्यावर थोरला ऑफिसचे कपडे करून, हातात चहाचा कप घेऊन मागे गेला आणि तिथूनच ओरडला.

पांढरी पालथी पडली होती. मागून आत पोकळ झाली होती. आतलं जे होतं ते खुराडंभर ओढून नेलेलं होतं. बाकीच्या पांढऱ्याही धड नव्हत्या. एकीची पाठ सोललेली, एकीला डोळा नव्हता, आणि त्यातली एक स्वतःच मेलेलीच्या पोटात चोच घालून उभी होती. थोरल्याला ते दिसलं नाही. त्याला तांबड्या दिसल्या.

त्याने कप कठड्यावर ठेवला, बाह्या दुमडल्या आणि वाकून आत शिरला. कारकुनी शिस्तीचा माणूस. एका वेळी एकच काम. मान धरायची, पिळायची, बाहेर टाकायची, पुढची घ्यायची. बाहेर टाकलेल्या कोंबड्या मान लोंबत असतानाही पंख आपटत अंगणातून पळत होत्या आणि धुवायला ठेवलेल्या भांड्यांवर जाऊन आदळत होत्या.

धाकटा तोंडात दात घासायचा ब्रश तसाच ठेवून धावत आला.

"सोड! सोड तिला! माझ्या आहेत त्या!"

"घे तुझ्या!" थोरल्याने हातातली त्याच्या तोंडावर फेकली. ती पुरती मेलेली नव्हती. तिची नखं धाकट्याच्या गालावरून ओढली गेली. धाकटा खाली वाकला, त्याला पाण्याचं पत्र्याचं भांडं सापडलं. पहिल्या फटक्यात थोरल्याची भुवई फाटली, दुसऱ्यात चष्मा गेला. थोरल्याने आंधळेपणाने त्याचे केस पकडले आणि डोकं खुराड्याच्या खांबावर आपटलं. पुन्हा आपटलं. दोघांपैकी कुणीही कोंबड्यांबद्दल काही बोलत नव्हतं. बरणी, कपाट, कुणाला जास्त शिकवलं, आईची अंगठी कुणी विकली, असं काहीबाही दातांतून बाहेर पडत होतं.

"आक्का! अहो आक्का!" भावजय किंचाळली.

आक्का आली तेव्हा धाकट्याच्या हातात फावडं होतं. ते पात्याच्या बाजूने थोरल्याच्या डोक्यावर येत होतं. तिने काही ठरवलं नाही. ती नेहमीसारखी मधे गेली आणि उजवा हात वर केला.

हाड मोडल्याचा आवाज तिने लगेच ओळखला. कुणाचं, हे समजायला जरा वेळ लागला.

अपघात विभागात तिला तिच्याच टेबलावर झोपवलं. तरुण डॉक्टर आत यायच्या आधीच भावांचं आपसात ठरलं होतं. दोघेही पट्ट्या बांधून, खांद्याला खांदा लावून उभे होते.

"बाथरूममध्ये घसरली," थोरला म्हणाला.

"साबण होता खाली," धाकट्याने जोड दिली.

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही तिला धरायला गेलो."

डॉक्टरांनी आक्काकडे पाहिलं. या टेबलापाशी बाथरूममध्ये घसरलेल्या किती बायका तिने पाहिल्या होत्या. तिने त्यांना कधी खोटं पाडलं नव्हतं. टाके घालताना हळूच एवढंच म्हणायची, "खरं सांगितलंस तर मी इथेच आहे." बहुतेक जणी छताकडे बघायच्या. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं, हे आज तिला कळलं.

खरं बोलली तर दोघे जाणार. नाही बोलली तर हात जुळून येईल आणि पुढच्या खेपेला कुणाचं तरी डोकं.

"आक्का?" डॉक्टर म्हणाले.

"धाकट्या भावाने फावडं मारलं," आक्का म्हणाली. "थोरल्यावर उगारलं होतं. मधे मी आले."

"आक्का!" हे दोघे एकदम.

"पोलिसांना कळवावं लागेल मग," डॉक्टर चाचरत म्हणाले.

"कळवा ना. मी इथेच आहे. माझी बदली थोडीच झालीय?"

पुढे जे झालं त्याने शेजारी चकित झाले. दोघा भावांचं एकमत झालं. ज्या बहिणीने सख्ख्या भावांना चौकीच्या बाकावर बसवलं तिच्या छपराखाली पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. दोघांनी मिळून एकच घर भाड्याने पाहिलं, एकच टेम्पो ठरवला आणि कपाट दोन्ही बाजूंनी धरून, एकमेकांना "सांभाळ रे, पायरी आहे" असं म्हणत बाहेर काढलं. आक्का प्लास्टर गळ्यात अडकवून मागच्या पायरीवर बसली होती. एवढी वर्षं तिला जे जमलं नाही ते तिच्या मोडक्या हाताने करून दाखवलं होतं.

टेम्पो सुरू झाला आणि लगेच बंद झाला. भावजय उतरून मागे आली. हातात कंगवा होता.

"केस बघा कसे झालेत," ती म्हणाली आणि आक्काच्या मागे बसली. "एका हाताने कसं करणार तुम्ही?"

"येईल हळूहळू."

पुढून हॉर्न वाजला.

"वाजवू दे," भावजय म्हणाली. कंगव्याने एक गुंता सोडवला. "उरलेल्या कोंबड्याही देऊन टाकल्यात. खुराडं रिकामंच ठेवणार?"

"गावठी आणीन म्हणते."

"अंडी कमी देतात हो त्या."

"मला एकटीला कितीशी लागणार?"

भावजयीने तीन पेड घातले, शेवटी रबर गुंडाळलं आणि उठली. वेणी इतकी घट्ट घातली होती की कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं. जाता जाता तेवढी सोय तिने करून ठेवली.