पंचवीस शब्दांत गंगा निवास

अकोल्याच्या मालिनी धर्माधिकारी यांचं पत्र मला २००३ च्या जानेवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र दीड पानाचं होतं. अक्षर शाळेतल्या बाईंचं, डावीकडे नीट समास सोडलेला. ते मी शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात घालून ठेवलं, कारण तो खंड मी क्वचितच उघडतो. त्यानंतर पहिला-दुसरा खंड काढतानाही माझा हात अवघडू लागला.

पत्रात एकही कठोर शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं. शेवटी त्यांनी फक्त विचारलं होतं, 'हे वर्णन लिहिण्याआधी आपण ते घर पाहिलं होतं का?'

मी रत्नागिरीतल्या एका ग्रंथालयात एकतीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली. नाव, लेखक, पानं, विषय, दोन ओळींत गोषवारा. मला हे काम सखारामपंतांनी शिकवलं. त्यांचा नियम एकच, पुस्तक हातात घेतल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एका कार्डावर 'सचित्र' असं लिहिलं होतं. पंतांनी ते पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "हरिहर, चित्र दाखव." चित्र एकही नव्हतं. मी मुखपृष्ठावरून अंदाज केला होता. मला आठवतं, त्या दिवशी मी डबा न खाता परत नेला.

निवृत्त झाल्यावर मी घरात नुसता वाचत बसायचो. मुळात मी घुमा. भाजीवालीशीही भाव करताना जीभ अडखळते. २००१ साली एसटी स्टँडजवळ सलिलनं कॉम्प्युटरचं दुकान काढलं. हा आमच्या ग्रंथालयाचा जुना वर्गणीदार, पंचविशीचा, बोलका. आंबेवाले, मिरजोळ्याचा एक काजूवाला, गणपतीपुळ्याची दोन-तीन निवासस्थानं अशा लोकांच्या तो वेबसाइटी करून देई. पण वेबसाइट नुसती करून भागत नसे. ती लोकांना सापडायची तर इंटरनेटवरच्या याद्यांत तिचं नाव लागायला हवं. डिरेक्टरी म्हणत त्यांना. आधी विषय, मग पोटविषय, त्याखाली नावं. प्रत्येक यादीचा फॉर्म वेगळा. योग्य विषय निवडायचा आणि पंचवीस शब्दांत वर्णन लिहायचं, इंग्रजीत.

"काका, हे काम तुमचंच आहे हो," सलिल म्हणाला. "मला ते पोटविषय कळत नाहीत. परवा काजूवाल्याला शेतीच्या अवजारांत टाकून बसलो. आता त्याला फावड्यांची चौकशी येते."

मी हसलो आणि दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागलो. मला आनंद झाला होता. साऱ्या जगाचं एक कपाट आहे आणि त्यातला एक खण मला लावायला दिलाय, असं वाटत होतं. आज तो आनंद आठवला की अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं.

गणपतीपुळ्याला रावजी नावाच्या गृहस्थांचं चार खोल्यांचं निवासस्थान होतं. त्यांनी आपल्या आईच्या नावावरून त्याला 'गंगा निवास' म्हटलं होतं. फॉर्म भरायला घेतला तेव्हा सलिलनं माझा हात थांबवला.

"काका, याद्या अक्षरावारी लागतात. G पर्यंत कोण खाली येतंय? A1 गंगा निवास करा."

"त्यांच्या आईचं नाव आहे ते."

"आई आहेच की. पुढे A1 लागलं, एवढंच. लोक तर AAA लावतात. तुम्ही बघा एकदा."

मी पाहिलं. यादीच्या माथ्यावर सगळे असलेच. A1, AA1, AAA1. देवळाच्या रांगेत कोपरानं ढकलत पुढे घुसणारी माणसं असतात तसे. एकतीस वर्षांत एकाही लेखकानं कपाटात पहिला लागावा म्हणून पुस्तकाचं नाव बदललं नव्हतं. मला शिसारी आली आणि मी A1 टाइप केलं.

मग विषय. सलिलनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा, ज्येष्ठांच्या सहली. नऊच नावं. इथं टाकलं की पहिल्या पानावर."

"पण घर तसं आहे का?"

"तसं म्हणजे कसं?"

"म्हाताऱ्यांना चालेल असं."

"समुद्र आहे, देऊळ आहे, रावजींच्या तुळसावहिनींचे उकडीचे मोदक आहेत. आणखी काय लागतं हो म्हाताऱ्यांना?"

"मी एकदा बघून येतो. एसटीनं तासाभराचं तर आहे."

"आज अजून अठरा याद्या राहिल्यात, काका. फोटो आहे ना समोर."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. अनोळखी माणसाच्या दारात जाऊन, मी अमुक अमुक, असं सांगायचं वाचलं. फोटो समोर ठेवून मी लिहिलं. त्याचा मराठीत अर्थ असा होता: समुद्राजवळचं शांत, घरगुती निवासस्थान. वयस्कर पाहुण्यांना विशेष सोयीचं. चालण्याचे कष्ट नाहीत. देऊळ पाच मिनिटांवर. इंग्रजीत मोजून पंचवीस शब्द. फॉर्ममध्ये संपर्कासाठी नाव-पत्ता लागे. सलिलचं दुकान तेव्हा दुसरीकडे हलणार होतं, म्हणून त्यानं माझं नाव, माझा पत्ता, माझा फोन घातला.

महिनाभरात ते वर्णन एकशे बारा याद्यांत लागलं. माझ्या ट्रंकेत दोन हस्तलिखितं आहेत. ती मी कुणाला दाखवली नाहीत, दाखवावीत अशी आहेत का तेही मला ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी पडद्यावर माझं वाक्य आणि खाली माझं नाव पाहून मी खुर्चीत जरा ताठ बसलो होतो.

मालिनीबाईंनी पत्रात जे घडलं ते ओळीनं लिहिलं होतं. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, डावी बाजू अर्धांगानं गेलेली. समुद्र एकदा पाहायचा, एवढंच ते म्हणत. भाच्यानं यादीत हे नाव शोधून दिलं. दोन गाड्या बदलून ते आले. टॅक्सी खाली थांबली आणि समोर पायऱ्या. चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं आणि वर नेलं. शहाळी पीत उभ्या असलेल्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली, एकानं फोटो काढला. वर पोचल्यावर यजमान म्हणाले, आता मला निघायच्या दिवशीच खाली न्या. तीन दिवस ते समुद्राच्या इतके जवळ होते आणि समुद्रावर गेले नाहीत.

मी पत्र सलिलला दाखवलं. त्यानं वाचलं, घडी घातली. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण उत्तर देऊ नका, काका. दिलंत की कबूल केल्यासारखं होतं."

मी दिलं नाही. सलिलनं अडवलं म्हणून दिलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत जवळजवळ चार वर्षं टिकली.

मग २००६ च्या ऑक्टोबरात सोलापुराहून एका मुलीचा फोन आला. उर्वी म्हणाली नाव.

"मुळ्येकाका का? आम्ही दिवाळीत गंगा निवासला यायचं म्हणतोय. आजी चाकाच्या खुर्चीत असते. तुम्ही लिहिलंय सोयीचं आहे, म्हणून."

"नाही," मी म्हणालो. "तिथं पायऱ्या आहेत."

"हो का? किती? पाच-सहा असतील तर बाबा उचलतील."

मला माहीत नव्हतं. मी तिला उद्या सांगतो म्हणालो आणि फोन ठेवून दिला. माझ्या वर्णनामुळे एक माणूस चादरीनं बांधला गेला होता आणि किती पायऱ्यांवरून, हे मला माहीत नव्हतं.

सकाळच्या एसटीनं गेलो. जांभ्याच्या पायऱ्या. मोजत चढलो. दोन वळणं, कठडा एकाच बाजूला. एकेचाळिसाव्या पायरीवर बसावं लागलं. एकूण अडुसष्ट. वर दारावर रंगवलेली पाटी, 'गंगा निवास'. A1 कुठंच नव्हतं.

रावजी पडवीत सुपारी कातरत होते. मी नाव सांगितलं. अडकित्ता थांबला.

"तुमीच काय ते मुळ्ये?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लोकं येतात नि तुमचा नाव सांगतात. मुळ्यांनी लिवलान हाय, चालायचे कष्ट नाय. मी म्हणतो, कोण हा मुळ्ये, त्याला एकदा चढवा हितून."

"आलो चढून," मी म्हणालो.

"मग? हायत की नाय कष्ट?"

मी मान हलवली. आतून त्यांची बायको तुळसा कोकम सरबत घेऊन आली. माझा श्वास अजून बसला नव्हता. "प्या आधी," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "त्यांस दम तरी खाऊ द्या. मग भांडा."

"भांडतो कशास? मी सलिलला सांगितलं व्हतं, पायऱ्या हायत, तां लिवा. म्हणाला, काकांना सांगतो."

सलिलनं मला काही सांगितलं नव्हतं. पण हे मी रावजींना म्हणालो नाही. त्या वाक्याच्या आड लपायची सवय आता पुरे झाली होती.

मी अकोल्याच्या पाहुण्यांबद्दल विचारलं. तुळसाला ते आठवत होते.

"पोस्टातले ना? तीन दिस खाटेवर बसून व्हते. खोलीतून दर्या दिसत नाय, माडांच्या आड जातो, नुसता आवाज येतो. मलाच कसंतरी झालं. मी कळशी घेऊन खाली गेले, खारं पाणी भरून आणलं, परातीत ओतलं. म्हटलं, आजोबा, पाय तरी बुडवा."

"मग?"

"पाय काढून घेतलान. रागावले नाय हां. म्हणाले, बाय, तू चांगली आहेस. पण हे पाणी. समुद्र नव्हे."

मी सरबताचा पेला खाली ठेवला. पंतांनी मला 'चित्र दाखव' म्हटलं होतं, तेव्हा वाटलं होतं तसंच वाटलं.

घरी येऊन सोलापूरला फोन केला आणि आकडा सांगितला. उर्वी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी सलिलकडे गेलो. आता तो फ्लॅट विकतो. कॉम्प्युटर मात्र टेबलावर होता. मी म्हणालो, ते वर्णन सगळीकडून काढ.

"कुठून काढू, काका? अर्ध्या याद्यांचे पासवर्ड माझ्याकडे नाहीत. उरलेल्यांनी एकमेकांची नक्कल मारलीय. आपण एकशे बारा ठिकाणी टाकलं होतं, हे बघा, आता दोनशेच्या वर झालं." त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. ओळीखाली ओळ, तेच पंचवीस शब्द, तेच नाव. एका ठिकाणी ते चुकून पाळणाघरांच्या विषयात लागलं होतं. "आता ते कुणाच्या हातात नाही."

"माझं नाव तरी?"

"नावही."

माझ्या मागे जगात राहणारं माझं लिखाण ते हेच. पंधरा दिवस रोज बसून मी जिथं जमलं तिथं विनंत्या पाठवल्या. सहा ठिकाणांहून निघालं. सलिल म्हणाला, खूप झालं. मला ते खूप वाटलं नाही.

ग्रंथालयातली कार्डं कॉम्प्युटर आल्यावर रद्दीत गेली, तेव्हा मी एक कोरा गठ्ठा मागून घेतला होता. त्यातलं एक कार्ड काढलं. समोरच्या बाजूला लिहिलं:

'गंगा निवास, गणपतीपुळे. मालक रावजी. खोल्या चार. गाडी खालीच थांबते. जांभ्याच्या पायऱ्या अडुसष्ट, वळणं दोन, कठडा एका बाजूला. खोलीतून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. वयस्कर पाहुण्यांना गैरसोयीचं. माणसं चांगली.'

मग तिसरा खंड उघडला, पत्र काढून पुन्हा वाचलं. कार्डाच्या मागच्या बाजूला बराच वेळ काही सुचेना. क्षमा मागणारी चार वाक्यं मी कच्च्या कागदावर लिहिली आणि चारही खोडली. ती वाचायला फार बरी होती. शेवटी लिहिलं:

'सौ. मालिनीबाईंस नमस्कार. आपण विचारलं होतं, घर पाहिलं होतं का. नाही. फोटो पाहिला होता. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात खाली दोन पायऱ्या दिसत होत्या. त्या मी पाहिल्या होत्या. हरिहर मुळ्ये.'

यजमान आहेत की नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. पाकिटावर दोघांचीही नावं घातली, त्यांचं आधी.

नाक्यावरच्या पेटीशी गेलो. पाकीट आत टाकलं, पण पडल्याचा आवाज आला नाही. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांनी पेटी तोंडापर्यंत भरली होती आणि माझं पाकीट वरच अडकून बाहेर डोकावत होतं. हात लांबवला असता तर ते परत घेता आलं असतं. मी झाकण उचललं आणि दोन बोटांनी ते आत, खाली, दिसेनासं होईपर्यंत सरकवलं.