लोटननानांच्या हातचं रेडियम

मी एक जुना हेअर ड्रायर आहे. हसू नका मित्रांनो! फुटक्या घड्याळाला आणि पडक्या विहिरीला तुम्ही मनोगत सांगू देता, मग मीच काय घोडं मारलंय? माझा गुलाबी रंग आता नावालाच उरलाय, वायरीला काळी टेप गुंडाळलेली आहे आणि चालू झालो की जरा खरखरतो. पण तापायला अजूनही मी एक नंबर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते काही आठवत नाही. मला आठवतं ते जळगावच्या फुले मार्केटमधलं एक छोटं दुकान. एरंडोलची दिपमाला तेव्हा जळगावला पार्लरचा कोर्स करत होती. तिने मला उचललं, स्वतःच्या तोंडावर गरम वारा घेतला आणि म्हणाली, "हाच द्या." काय सांगू, मी जाम खूश झालो! पुढे तिचं लग्न झालं आणि तिच्याबरोबर मीही धुळ्याला, देवपुरात आलो. नवऱ्याच्या, म्हणजे स्वप्नीलच्या, घराच्या पुढच्या खोलीत तिने पार्लर थाटलं. लग्नसराईत मला दम खायला फुरसत नसायची. बायका म्हणायच्या, "दिपमालाच्या हाताला गुण आहे गं." गुण थोडा माझाही होता, पण असो.

मग नवा ड्रायर आला. काळा, चकचकीत, आवाजच नाही त्याला. माझी रवानगी तुटक्या कंगव्यांच्या ड्रॉवरमध्ये झाली. फार वाईट वाटलं हो. रोज ज्यांचे केस वाळवले, त्या बायका माझ्या डोक्यावरच पर्स ठेवून गप्पा मारत बसायच्या.

एकदा शेजारच्या कुंदनने नवी मोटारसायकल आणली. तिच्या टाकीवर कंपनीच्या सूचनांचे स्टिकर होते. ते काढायला त्याने नखं लावली, रॉकेल चोळलं, शेवटी पत्र्याची पट्टी घेऊन खरवडायला निघाला. दिपमाला ओरडली, "अहो भाऊ, रंग जाईल!" आणि तिने मला ड्रॉवरमधून काढलं. मी वीतभर लांबून गरम वारा सोडला, तिने कोपरा धरून हळूच ओढलं आणि स्टिकर अख्खा निघून आला. तेव्हापासून गल्लीत नवी गाडी आली की मला बोलावणं यायचं. स्टिकरांवर लिहिलेलं असायचं: हेल्मेट घाला, पुस्तिका वाचा, साडीचा पदर सांभाळा, सायलेन्सर गरम असतो! गरम असतो म्हणे. मला शिकवतात!

आता यंदाच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गोष्ट ऐका. स्वप्नीलचे वडील लोटननाना थंडीत आजारपणाने गेले. त्यांच्यामागची ही पहिलीच आखाजी. सकाळी कमलबाईंनी, म्हणजे दिपमालाच्या सासूबाईंनी, नानांच्या नावाची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला. मुहूर्त चांगला म्हणून स्वप्नीलने त्याच दिवशी नवी मोटारसायकल आणली. नानांची जुनी गाडी बदल्यात द्यायची होती. शोरूमचा हितेंद्र ती न्यायला दुपारी येणार होता.

नव्या गाडीला कुंकू लागलं, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि लगेच स्वप्नीलने मला हाक मारली. मी एकेक सूचना सोडवत गेलो. कमलबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हाई यंत्र जुनं रेडियम बी काढस का रे?" त्यांनी विचारलं.

"कोणतं रेडियम, माय?"

त्या ओटा उतरल्या. अंगणातल्या जुन्या गाडीजवळ गेल्या आणि टाकीवर बोट ठेवलं. तिथे पिवळ्या रेडियमची अक्षरं होती: 'धीरे चाल. कमल वाट देखस.'

मित्रांनो, लोटननाना रेडियमचं काम करायचे. नंबर प्लेट, देवांची नावं, पोरांची नावं, सगळं ब्लेडने हातानेच कापायचे. चाळीसगावपर्यंत कामं घ्यायचे, त्यामुळे परतायला उशीर व्हायचा आणि कमलबाई तोवर दारात उभ्या असायच्या. म्हणून त्यांनी ही सूचना स्वतःच कापून स्वतःच्याच टाकीवर चिकटवली. लोक चिडवायचे, "लोटनभाऊ, बायकोले घाबरतस का?" नाना म्हणायचे, "घाबरस ना भो! तू बी घाबर, वाचशी." हे सगळं कमलबाई पार्लरमध्ये कितीदा तरी सांगायच्या आणि सांगताना लाजायच्या.

"गाडी जाऊ दे," त्या म्हणाल्या, "पन ह्या अक्षरं नको जाऊ दे. त्यास्ना हातना शेतस." आणि त्यांना रडूच आलं.

स्वप्नील गडबडला. "माय, आधी बोलायचं ना!" दिपमालाने अक्षरांवर रुंद चिकटपट्टी लावली, म्हणजे ती विखुरणार नाहीत, आणि मला हातात घेतलं. वर्षानुवर्षं उन्हात वाळलेलं रेडियम ते! जरा ओढलं की तुकडा पडणार. मी जीव ओतून तापलो. 'धीरे'चा कोपरा कुठे सुटायला लागला आणि... लाईट गेली!

गेली ती गेलीच. मी गप्प. आणि त्याच वेळी फाटक वाजलं. हितेंद्र आला होता.

"भाऊ, पटकन चावी द्या. आज मुहूर्ताच्या गाड्या आहेत, श्वास घ्यायला वेळ नाही."

माझा तर जीवच कासावीस झाला. पण दिपमाला काही कमी नाही. "हितेंद्रभाऊ, आखाजीच्या दिवशी दारातून उपाशी जाल? बसा, पान वाढलंय." तो नको नको म्हणत पाटावर बसला. तिने पुरणपोळीवर पुरणपोळी आणि वाटीवर वाटी रस वाढायला सुरुवात केली.

इकडे कमलबाईंनी डोळे पुसले. "गाडी ऊनमा लाव," त्या स्वप्नीलला म्हणाल्या. "जुनं रेडियम तुना नाना तसंच काढेत."

गाडी निंबाच्या सावलीतून बाहेर निघाली. आमच्या खानदेशातलं आखाजीचं ऊन तुम्हाला काय सांगू? त्याच्यापुढे माझी काय मिजास! कमलबाई डोक्यावर पदर घेऊन गाडीशेजारी उभ्या राहिल्या आणि पट्टीवरून अंगठा फिरवत राहिल्या. आतून आवाज येत होता, "बस वहिनी, आता पोट फुटेल!" आणि दिपमाला म्हणत होती, "एवढी एकच."

अक्षरं निघाली. चिकटपट्टीसकट, सगळीच्या सगळी, कुठे टवका नाही. मी ओट्यावरून बघत होतो. रडता येत असतं तर रडलो असतो.

"ही आता नव्या टाकीवर लावतो," स्वप्नील म्हणाला.

"येडा शे का? नवी गाडीवर दिपमालानं नाव पाह्यजे," कमलबाई म्हणाल्या.

दिपमाला हात धुऊन बाहेर आली होती. "नको आई. यांना उशीर झाला की मी तर घोरत पडते. दारात तुम्हीच उभ्या असता."

कमलबाईंनी पट्टी उचलली. कंपनीच्या सूचना काढून टाकी जिथे कोरी झाली होती, तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी दाबून बसवली.

मित्रांनो, मी काही कायमचा नाही. एक दिवस माझी तार जळेल आणि मी भंगारात जाईन. जाण्याआधी एवढंच सांगतो. कंपनीचे स्टिकर काढायचे तर काढा, पण त्यावरचं वाचून काढा आणि हेल्मेट घाला. जुनी गाडी द्यायची तर जरूर द्या, पण देण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा, हिच्यावर तुमचं काही राहिलंय का? त्या दिवशी स्वप्नील नवी गाडी घेऊन पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन आला. ऊन उतरलं नव्हतं, तरी कमलबाई तो येईपर्यंत दारातून हलल्या नाहीत.

"आलो ना माय," तो म्हणाला.

"धीरे आलास," त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.