रिकामं पेव

निजामाचं राज्य जाऊन तीन आठवडे झाले होते. जाफराबादच्या वाटेवरच्या त्या गावात चावडीपुढं मांडव पडला होता आणि धर्मराजच्या गळ्यात झेंडूचा हार घालायचं ठरलं होतं. हाराकडं बघायचं तो टाळत होता.

भाद्रपदातली ती दुपार त्याला आठवत होती. फौजा शिरल्या, रझाकार पांगले, आणि ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं अशा गरीब मुसलमानांच्या घरांवर आसपासची टोळकी चालून येऊ लागली. इमाम पिंजारी बायको आणि दोन पोरींना घेऊन धर्मराजच्या खळ्यात आला. खळ्यात जमिनीखाली धान्याचं पेव होतं. पोटात खोलीएवढं, पण तोंड अरुंद.

"भाऊ, दोन दिस लेकरायला पेवात ठिवा. वरून कडबा टाका. म्या कुठंबी राहीन."

धर्मराजला नाही म्हणायला जागाच नव्हती. त्याचा भाऊ भुजंग उन्हाळ्यात निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या छावणीत गेला होता, म्हणून रझाकार त्याचं घर जाळायला आले होते. तेव्हा हाच हडकुळा इमाम उंबऱ्यात आडवा झाला होता. "पहले मेरे ऊपर से जाव," म्हणाला होता. पण आताच्या टोळक्यात धर्मराजचे पाव्हणेच होते. ते खळ्यात आले तर?

"पेवात ज्वारी हाय, इमामभाई," तो म्हणाला. "पार तोंडापस्तोर."

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्या साली ज्वारी सरकारी लेव्हीत, सक्तीच्या धान्यवसुलीत, गेली होती. पेव आषाढातच रिकामं झालं होतं, आणि ते झाडायला आत उतरला होता इमामच. पेवात सहज उतरण्याएवढं सडपातळ गावात दुसरं कुणी नव्हतं. कंदील सोडून आतली हवा पाहिली ती धर्मराजनं, इमामच्या कंबरेचा दोर धरला तोही धर्मराजनं.

इमामनं पेवावरच्या दगडाकडं पाहिलं, मग धर्मराजकडं. थोरली पोर काही बोलणार तोच त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बराबर हाय. ज्वारी हाय म्हटल्यावर मंग कसं व्हईल?"

चौघं बाजरीत शिरले. चार दिवस पावसात, कच्ची कणसं खाऊन राहिले. धाकटी अजून खोकत होती.

आणि आज फौजेच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "इमाम, तुम्हाला आसरा कुणी दिला?"

"धर्मराजभाऊनं. पेवात ठिवलं आमाला."

लोकांनी टाळ्या पिटल्या. मच्छिंद्र पाटील हसून ओरडला, "आरं धर्मराज, सुगीत पेवात ज्वारी ठिवायला जागा न्हाई म्हणत व्हतास, अन् माणसं कशी मावली?" तुळजाबाईनं, धर्मराजच्या बायकोनं, पदर तोंडावर ओढला. त्या दुपारी ती खळ्यातच शेण सारवत होती.

गळ्यात हार पडला. खरं बोलायला धर्मराजनं तोंड उघडलं, आणि नमस्कार करून मिटलं.

मांडव पांगल्यावर त्यानं इमामला पिंपळामागं गाठलं. "का बोललास आसं? शिव्या दिल्या असत्यास तर बरं व्हतं."

इमाम जमिनीकडं बघत होता. "मला याच गावात राह्याचंय, भाऊ. सायबाला कुणाचं तरी नाव सांगायचं व्हतं. खरं नाव एकबी नव्हतं."

"पण माझंच का?"

"तुमी झूट बोलताना खाली पाह्यलं. बाकीच्या दारांवरबी गेलो व्हतो, त्यायनी पाह्यलं न्हाई. आन आता सगळ्या गावाम्होरं नाव झालंय तुमचं. पुढच्या बारीला न्हाई म्हणता येणार न्हाई."

फाल्गुनात ज्वारी आली, चांगली आली. धर्मराजनं ती सगळी घरातल्या कणगीत भरली, पेव रिकामंच ठेवलं. पेव झाडून घ्यायला इमामला बोलवायचं त्याच्या जिवावर आलं. दोर खळ्यातल्या खांबाला बांधून, खांदे सोलून घेत, तो स्वतःच आत उतरला.

"कणगीला उंदरं लागले," तुळजाबाई वरून ओरडली. "अन् पेव काय पूजेला ठिवलंय?"

आतून नुसता झाडूचा आवाज येत राहिला.